रोहिणी म्हणजे नळी नव्हे

शाळेच्या प्रयोगशाळेत हृदयाचा एक तक्ता असतोच. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेला, कडा दुमडलेला. मधोमध हृदय, त्याला जोडलेल्या जाड लाल-निळ्या नळ्या आणि हृदयाच्या पाठीपोटावर वेलीसारख्या पसरलेल्या बारीक लाल फांद्या. या फांद्या हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवतात. डॉक्टर त्यांना कॉरोनरी आर्टरी म्हणतात. आपण या लेखात त्यांना हृद्रोहिणी म्हणू. हृदयविकार शिकवताना आपण याच फांद्यांवर पट्टी टेकवतो आणि सांगतो, ‘‘पाण्याच्या नळात क्षार साठून नळ चोंदतो ना, तशा या नळ्या आतून चरबीने चोंदतात.’’ मुलांना ते चटकन कळतं. आम्हीही बरीच वर्षं असंच सांगत आलो.

ही उपमा खोटी नाही, पण अपुरी आहे. चोंदलेला नळ पहाटे बंद आणि दहा वाजता आपोआप मोकळा, असं कधी होत नाही. रोहिणीच्या बाबतीत होतं. लाजेने गाल लाल होतात, भीतीने चेहरा पांढराफटक पडतो, थंडीत बोटं गारठून फिकी पडतात, तेव्हा आपण रक्तवाहिन्या रुंद-अरुंद होतानाच पाहत असतो. रोहिणीच्या भिंतीत स्नायू असतो. तो सैलावतो, आवळतो. आणि स्नायू म्हटला की त्याला पेटकाही येऊ शकतो, जसा रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तसा. पोटरीतला गोळा माणसाला कळवळायला लावतो, पण त्याने जिवाला धोका नसतो. हृद्रोहिणीतला पेटका मात्र हृदयाच्या एका भागाचं रक्त तोडतो.

आपल्या ओळखीत असं कोणी ना कोणी असतं : पन्नाशी उलटलेली, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेली व्यक्ती. पहाटे जाग येते, छातीत भरून आल्यासारखं वाटतं, घाम येतो. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं. सकाळी दवाखान्यात ईसीजी काढला तर अगदी व्यवस्थित. घरचे म्हणतात, ‘‘रात्रीचं जेवण जड झालं असेल.’’ कधी ते खरंही असतं. पण कधी नसतं, आणि ते ओळखायचं कसं या प्रश्नापाशी वैद्यकशास्त्र जवळजवळ दोनशे वर्षं अडखळत होतं. ही गोष्ट त्या अडखळण्याची आहे. तिच्यात दोन वाटा आहेत : एक रोहिणीच्या पेटक्याची, दुसरी मधुमेहाची. बराच काळ त्या वेगवेगळ्या चालल्या आणि शेवटी एका अतिशय पातळ थरापाशी येऊन मिळाल्या.

हेबर्डेनचं निरीक्षण

१७६८ साली लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयात विल्यम हेबर्डेन या डॉक्टरने छातीच्या एका दुखण्याबद्दल निबंध वाचला. तो १७७२ मध्ये छापला गेला. चालताना, विशेषतः चढ चढताना किंवा जेवणानंतर चालताना छातीत आवळल्यासारखी कळ येते. माणूस थांबला की ती नाहीशी होते. या दुखण्याला त्याने ‘अंजायना पेक्टोरिस’ असं नाव दिलं. मराठीत आपण त्याला हृदयशूळ म्हणतो.

हे वर्णन इतकं नेमकं आहे की आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते सांगितलं जातं. पण सांगताना त्यातला अर्धा भाग बहुधा गळतो. काही रुग्णांना ही कळ झोपेत, पहिली झोप होता होता येते, हेही हेबर्डेनने नोंदवलं होतं. या दुखण्याचं मूळ हृद्रोहिण्यांत असावं, याची त्याला कल्पना नव्हती. तरीही हा एक प्रकारचा पेटका असावा, असा अंदाज त्याने बांधला. त्याची कारणं पाहण्यासारखी आहेत. कळ एकाएकी येते आणि एकाएकी जाते. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. मन अस्वस्थ झालं की ती वाढते. अफूने आराम पडतो. शिवाय पेटक्याची इतर दुखणीही अशीच पहिल्या झोपेनंतर येतात. हातात नाडी आणि डोळे याखेरीज कुठलंही साधन नसताना, केवळ वेळेच्या नोंदीवरून काढलेला हा निष्कर्ष आहे.

पुढच्या पिढीने शवविच्छेदनाची सुरी हातात घेतली. एडवर्ड जेन्नर, म्हणजे देवीच्या लसीमुळे आपल्याला ठाऊक असलेला तोच जेन्नर, याला हृदयशूळाने मेलेल्या माणसांच्या हृद्रोहिण्या कडक झालेल्या आढळल्या. त्याचे गुरू जॉन हंटर यांनाच हा विकार होता. त्यांना धक्का बसू नये म्हणून जेन्नरने आपला अंदाज जाहीर करायचं टाळलं. संताप आला की हंटर यांना हमखास कळ येई. मला चिडवणाऱ्या कुठल्याही हलकटाच्या हाती माझा जीव आहे, अशा अर्थाचं ते म्हणत. १७९३ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी झाली आणि हंटर तिथेच कोसळले. शवविच्छेदनात त्यांच्या हृद्रोहिण्या हाडासारख्या टणक निघाल्या. १७९९ साली जेन्नरचा मित्र कॅलेब पॅरी याने हृदयशूळ आणि हृद्रोहिण्या यांचा संबंध पुस्तकरूपाने मांडला.

इथे थोडं थांबू. हंटर यांच्या गोष्टीत दोन पुरावे आहेत. एक, टणक झालेली रोहिणी. दुसरा, रागाच्या क्षणी येणारी कळ. रोहिणी तर रोजच टणक होती, मग कळ रागाच्या क्षणीच का यावी? राग आला की हृदय जोराने धडधडतं, त्याला रक्त जास्त लागतं, हे एक उत्तर. रोहिणी त्या क्षणी आणखी आवळली असेल, हे दुसरं. मृत्यूनंतर पहिला पुरावा टेबलावर उरतो. दुसरा माणसाबरोबर जातो.

आधी औषध, मग कारण

१८६७ साली एडिंबरोच्या रुग्णालयात थॉमस लॉडर ब्रंटन हा तेवीस वर्षांचा डॉक्टर काम करत होता. त्याच्याकडचा एक रुग्ण रात्रीच्या छातीदुखीने हैराण झाला होता. कळ येते तेव्हा नाडीचा ताण वाढतो, असं ब्रंटनला नाडीच्या आलेखावरून दिसलं. अमिल नायट्राइटच्या वाफेने हा ताण उतरतो, हे त्याला माहीत होतं. त्याने कापडावर त्याचे पाच-दहा थेंब टाकून रुग्णाला हुंगायला दिले. अर्ध्या-एका मिनिटात रुग्णाचा चेहरा लाल झाला आणि कळ गेली.

१८७९ मध्ये विल्यम मरेल याने त्याच कामासाठी नायट्रोग्लिसरीन वापरलं. आधी स्वतःवर प्रयोग करून. हाच तो सुरुंगातला स्फोटक पदार्थ. डायनामाइटवर अमाप पैसा मिळवलेल्या आल्फ्रेड नोबेलला त्याच्या शेवटच्या वर्षी, १८९६ मध्ये, डॉक्टरांनी हृदयासाठी हेच नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं. नशिबाची ही थट्टा त्याने एका पत्रात मित्राला कळवली आहे.

जिभेखाली ठेवायची ही गोळी आजही वापरतात. पण ती नेमकं काय करते, हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली. औषध लागू पडतं म्हणून कारण समजलं असं होत नाही, हे विज्ञानाच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसतं.

टेबलावर न सापडणारा पुरावा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेटक्याच्या कल्पनेला चांगला मान होता. १९१० साली सर विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरनेही हृदयशूळावरच्या व्याख्यानांत तिची बाजू घेतली. मग वारं फिरलं.

१९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक याने हृद्रोहिणीत एकाएकी रक्ताची गुठळी अडकल्यावर काय होतं, याचं सविस्तर वर्णन केलं. आज आपण ज्याला हृदयविकाराचा झटका म्हणतो, तो हा. शवविच्छेदनात गुठळी दिसे, चरबीचे थर दिसत, हृदयाच्या स्नायूचा मेलेला तुकडा दिसे. मोजता येई, काचेच्या बरणीत ठेवता येई. पेटका मात्र कोणी पाहिलेला नव्हता. दिसणार तरी कसा? माणूस गेल्यावर स्नायूचा पेटका सुटतो. पोटरीतला गोळा जसा खूण न ठेवता जातो, तसाच.

याचा परिणाम असा झाला की पेटक्याचं नाव काढणं म्हणजे अज्ञान झाकणं, असं चांगले चांगले डॉक्टर मानू लागले. रुंदी कायमची कमी झालेली रोहिणी आणि श्रम केल्यावर वाढलेली रक्ताची गरज, एवढ्यावर सगळा हृदयशूळ समजावता येतो, हे मत रूढ झालं. बहुतेक रुग्णांना ते लागूही पडत होतं. न बसणारे थोडे रुग्ण बाजूला पडले.

पहाटेचा आलेख

हे बाजूला पडलेले रुग्ण लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिंझमेटल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोळा केले. १९५९ साली त्यांनी ‘वेगळ्या प्रकारचा हृदयशूळ’ म्हणून त्यांचं वर्णन छापलं. या रुग्णांना श्रमाने त्रास होत नसे, विश्रांतीत होई. पुष्कळदा रोज ठरावीक वेळी होई. आणि कळ चालू असताना ईसीजी काढला तर आलेखातला जो भाग नेहमीच्या हृदयशूळात खाली दबतो, तो इथे वर उचललेला असे. कळ गेली की काही मिनिटांत आलेख पूर्ववत. चरबीमुळे आधीच अरुंद झालेली रोहिणी त्या वेळी आणखी आवळत असावी, असं प्रिंझमेटलने सुचवलं. पण दाखवता आलं नाही.

दाखवण्याचं साधन नुकतंच जन्माला आलं होतं, तेही चुकून. १९५८ मध्ये क्लीव्हलँडचे डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महारोहिणीत क्ष-किरणांत दिसणारा द्रव सोडणार होते. नळीचं टोक घसरून उजव्या हृद्रोहिणीत गेलं आणि द्रव तिच्यात शिरला. रुग्णाचं हृदय क्षणभर थांबलं. सोन्स यांनी त्याला जोराने खोकायला लावलं आणि हृदय पुन्हा चालू झालं. जिवंत माणसाची हृद्रोहिणी पडद्यावर पाहता येते, हे त्या दिवशी कळलं. आज गावोगावी ‘अँजिओग्राफी’ म्हणून जी तपासणी होते, ती या अपघातातून आली.

मग १९७३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये फिलिप ऑलिव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिंझमेटलच्या प्रकारच्या रुग्णात, कळ चालू असतानाच, हृद्रोहिणी आवळलेली पडद्यावर पाहिली. इटलीत पिसा इथे अटिलियो मासेरी यांनी अशा रुग्णांवर रात्रंदिवस लक्ष ठेवलं आणि पेटक्यातून प्रत्यक्ष हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो, हे १९७८ मध्ये मांडलं. जपानमध्ये हिरोफुमी यासुए यांनी १९७९ साली एक साधा पण मार्मिक प्रयोग छापला. त्याच रुग्णांना त्यांनी तोच व्यायाम भल्या सकाळी करायला लावला आणि पुन्हा दुपारी. सकाळी पेटका येई. दुपारी बहुतेकांना काहीच होत नसे. नळ तोच, पाणी तेच. फरक फक्त घड्याळाचा.

याच सुमारास एक विलक्षण पुरावा कारखान्यातून आला. दारूगोळ्याच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरीनच्या सान्निध्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काही कामगारांना सुटीच्या दिवशी छातीत दुखे. कामावर असताना त्यांच्या रोहिण्या त्या पदार्थाने सतत सैल राहत. सुटीत तो मिळेनासा झाला की रोहिण्या उलट आवळून येत. अमेरिकेतल्या अशा कामगारांची नोंद १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या हृद्रोहिण्यांत चरबीचा अडथळा नव्हता.

थोड्याशा आवळण्याने एवढा फरक का पडावा? याचं एक उत्तर फ्रेंच डॉक्टर प्वाझय याने १८४० च्या दशकात काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून देऊन ठेवलं आहे. दाब आणि लांबी तीच ठेवली, तर नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा होतो. शरीरात दाब आणि पुढच्या वाहिन्या बदलून थोडी भरपाई होते, म्हणून हे गणित तंतोतंत लागू होत नाही. पण दिशा कळते : चरबीमुळे आधीच अर्धी उरलेली रोहिणी जरा जरी आवळली, तरी मोठा घात होतो.

एका पेशीच्या जाडीचा थर

रोहिणी आवळते हे दिसलं. का आवळते? याचं उत्तर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका प्रयोगशाळेत सापडलं. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर औषधांचे परिणाम तपासत. एक कोडं त्यांना सुटत नव्हतं. असिटिलकोलीन हे रसायन जिवंत प्राण्याला दिलं तर रक्तवाहिन्या सैलावतात. पण काढून घेतलेल्या पट्टीवर टाकलं तर ती आवळते. १९७८ साली त्यांच्या साहाय्यकाकडून प्रयोगाच्या क्रमात चूक झाली आणि पट्टी चक्क सैलावली. चूक म्हणून सोडून न देता फर्चगॉट तिच्या मागे लागले. शेवटी कळलं ते असं : पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली गेली तर ती आवळते, न घासता जपली तर सैलावते.

रोहिणीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. तोपर्यंत त्याला नळीच्या आतल्या गुळगुळीत अस्तराहून जास्त मान नव्हता. फर्चगॉट आणि जॉन झवाद्स्की यांनी १९८० मध्ये दाखवलं की हा थर एक निरोप पाठवतो आणि तो मिळाल्यावर खालचा स्नायू सैलावतो. अंतःस्तर काढलेली पट्टी अंतःस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली, तर तीही सैलावली. म्हणजे निरोप एका पट्टीतून दुसरीत जात होता.

तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे १९८७ पर्यंत सिद्ध झालं. आणि ब्रंटन-मरेल यांचं कोडंही उलगडलं. नायट्रोग्लिसरीनमधून शरीरात नायट्रिक ऑक्साइड सुटतो, हे फेरिद मुराद यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं. अंतःस्तराला जे करता येत नाही, ते जिभेखालची गोळी करते. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ज्याला ती गोळी लिहून दिली होती, त्याच्याच नावाचं.

१९८६ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी हाच प्रयोग माणसाच्या हृद्रोहिणीत केला. निरोगी रोहिणी असिटिलकोलीनने सैलावली. चरबी साठलेली उलट आवळली. त्याच वर्षी यासुए यांनी पेटक्याच्या रुग्णांत असिटिलकोलीनने पेटका आणून दाखवला. ती आता पेटका ओळखण्याची मान्य तपासणी आहे. अर्थात तज्ज्ञांनी, सगळी तयारी ठेवून करायची.

मधुमेहाची वाट इथे मिळते

आता दुसरी वाट. मधुमेह हे नाव आपल्याकडे फार जुनं, आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतलं. पण मधुमेह्याच्या रक्तवाहिन्यांचा प्रश्न त्या मानाने नवा आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो इथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आलं. त्याआधी अशी मुलं थोड्याच काळात बेशुद्धीत जाऊन दगावत. इन्सुलिनने त्यांना आयुष्य दिलं. आणि आयुष्य लांबल्यावर नवी दुखणी पुढे आली : डोळ्यांची, मूत्रपिंडांची, नसांची आणि हृदयाची. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या पाहणीतून १९७९ मध्ये असं निघालं की रोहिण्या चोंदून होणाऱ्या विकारांचा धोका मधुमेह असणाऱ्यांना दुपटी-तिपटीने जास्त असतो.

इतके दिवस याचा अर्थ ‘चरबीचे थर लवकर साठतात’ एवढाच घेतला जाई. अंतःस्तराच्या शोधानंतर प्रश्न बदलला. रक्तातली जादा साखर सर्वांत आधी कुणाला भेटते? अर्थातच अंतःस्तराला, तो तर रक्तात न्हालेलाच असतो. साखर वाढली की त्याच्या पेशींत ऑक्सिजनचे आक्रमक कण जास्त तयार होतात आणि ते नायट्रिक ऑक्साइडला निरोप पोचण्याआधीच गाठून नष्ट करतात. १९९३ साली इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या हातातल्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा अंतःस्तराच्या निरोपाने होणारं सैलावणं कमी झालेलं आढळलं. सैल सोडणारा हात असा लुळा पडला की आवळणाऱ्या हाताला मोकळं रान मिळतं.

म्हणजे मधुमेहामुळे हृद्रोहिणीत पेटका येतो, असं सरळ म्हणायचं का? इथे घाई नको. १९९५ मध्ये जपानी संशोधकांना पेटक्याच्या रुग्णांत इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देण्याची प्रवृत्ती आढळली. हीच प्रवृत्ती प्रौढ वयातल्या मधुमेहाच्या मुळाशी असते. पण पेटक्याच्या रुग्णांत मधुमेह असणारे इतरांपेक्षा जास्त असतात, असं सगळ्या पाहण्यांत आढळलेलं नाही. ठळकपणे पुढे येणारा शत्रू आहे तंबाखूचा धूर. तेव्हा नेमकं म्हणायचं तर असं : मधुमेहाने रोहिणीची सैलावण्याची ताकद कमी होते, पेटक्याला लागणारी जमीन त्यातून तयार होऊ शकते. पण पेटका यायला खालचा स्नायूही जास्त चिडखोर असावा लागतो आणि तो सगळ्यांचा तसा नसतो.

न वाजणारी घंटा

तरीही मधुमेह्यांसाठी हा विषय खास महत्त्वाचा आहे, तो आणखी एका कारणाने. पेटका ओळखण्याचा हेबर्डेनपासूनचा धागा कोणता? कळ आणि तिची वेळ. मधुमेहात नेमका हाच धागा तुटू शकतो. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की नसा खराब होतात. पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, हे आपण पाहतो. हृदयाकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसाही त्यातून सुटत नाहीत. १९७७ साली अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी, छातीत न दुखता आलेल्या झटक्याने मेलेल्या मधुमेही रुग्णांच्या हृदयातल्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्या बिघडलेल्या असल्याचं दाखवलं.

घरात आग लागावी आणि धोक्याची घंटाच वाजू नये, तसं हे आहे. छातीत कळ नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, कारण नसताना गळून गेल्यासारखं होतं. आणि सकाळी ईसीजी व्यवस्थित!

इथे नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाचं यंत्र कामाला आलं. त्याचा पहिला नमुना पाठीवर बांधायचा, सुमारे ३८ किलो वजनाचा होता. १९६१ मध्ये त्याने ही पद्धत जगापुढे मांडली आणि पुढे ते यंत्र पट्ट्याला अडकवण्याइतकं लहान झालं. चोवीस तासांचा आलेख हाती आला. पहाटेची, झोपेतली, न दुखता येऊन गेलेली उचलही त्यात सापडू लागली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतही याच गोष्टी आहेत : त्रास कधी होतो, नायट्रोग्लिसरीनने थांबतो का, त्या वेळचा आलेख काय सांगतो आणि रोहिणी आवळलेली दिसते का.

ओळख पटणं एवढं महत्त्वाचं का, तर त्यावर औषध अवलंबून आहे. स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. ते पेशीत शिरताना अडवणाऱ्या औषधांचा पाया जर्मनीत आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी १९६० च्या दशकात घातला. पेटक्यावर ती उत्तम लागू पडतात. याउलट प्रोप्रॅनोलॉल हे नेहमीच्या हृदयशूळावरचं गुणकारी औषध पेटक्याच्या रुग्णांचा त्रास वाढवू शकतं, असं १९८२ मध्ये दाखवण्यात आलं. त्यातून मधुमेही माणसाची साखर एकदम उतरली तर धडधड होऊन जो इशारा मिळतो, तोही हे औषध दडपू शकतं. म्हणून कुणी आपणहून औषध थांबवू नये. पण ‘त्रास पहाटे होतो, विश्रांतीत होतो, मला मधुमेह आहे आणि मी सिगरेट ओढतो’ हे डॉक्टरांना न विचारताही सांगावं. या एका वाक्यात हेबर्डेनच्या वहीइतकी माहिती आहे. आणि त्रास पंधरा-वीस मिनिटांत ओसरला नाही तर सकाळची वाट पाहू नये.

पुन्हा तक्त्यापाशी

शेवटी आपल्या तक्त्यापाशी येऊ. तो बदलायची गरज नाही. नळाची उपमाही टाकून द्यायला नको. फक्त ती सांगून झाल्यावर एखादं मूल थंडीत बाहेरून खेळून आलं असेल तर त्याची फिकी बोटं बाकीच्यांना दाखवावीत. थोड्या वेळाने ती पुन्हा लाल झालेली दाखवावीत. मग विचारावं : मघाशी नळ चोंदला होता का? आता तो कुणी साफ केला? मुलं उत्तरं शोधू लागतील. एखादी विद्यार्थिनी सांगेल की तिच्या आजीला साखर आहे आणि पहाटे तिचा जीव घाबरतो. हा धडा मग परीक्षेपुरता राहणार नाही.

या इतिहासातून आम्ही स्वतः एक गोष्ट शिकलो. पेटक्याची कल्पना खोटी ठरली नव्हती. तिचा पुरावा शोधण्याची जागा चुकली होती. जी घटना मिनिटांत येते आणि जाते, तिला टेबलावरच्या मृत हृदयात किंवा सकाळी दहाच्या ईसीजीत शोधून उपयोग नाही. ‘तपासणीत काही निघालं नाही’ आणि ‘काही नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. त्यांच्यातला फरक ओळखायला वैद्यकाला दोनशे वर्षं लागली. वर्गात तो एका तासात सांगता येईल.